सी++ आणि एसक्यूलाइट: हलकं ओआरएम घ्यावं का, आणि घेतलं तर काय सांभाळावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका छोट्या लिनक्स बोर्डावर सी++ मध्ये लिहिलेला प्रोग्रॅम चालतो. २४ सेन्सरांकडून दर ५ सेकंदांनी वाचन येतं आणि एसक्यूलाइट या छोट्या, एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसच्या फाइलीत जातं. टेबलं तीन: उपकरणं, सेन्सर आणि नोंदी. आज सगळी एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा) वाक्यं स्ट्रिंगा जोडून बनतात. स्ट्रक्टमध्ये एक फील्ड वाढलं की अनेक ठिकाणी हात लावावा लागतो आणि एखादी जागा हमखास राहून जाते. तर हलकं ओआरएम (सी++ चे ऑब्जेक्ट आणि डेटाबेसची टेबलं जोडून देणारी लायब्ररी) घ्यावं का, कोणतं घ्यावं, त्यानं प्रोग्रॅम मंद होईल का? आणि शेवटी जाता जाता विचारलंय: पुढच्या आवृत्तीत टेबल बदललं तर जुन्या नोंदी राहतील ना?

हा शेवटचा प्रश्नच सगळ्यात मोठा आहे. वेगाची काळजी बहुतेकांना आधी वाटते, पण तिथे ओआरएमचा दोष फार कमी असतो. डेटा जातो तो स्कीमा, म्हणजे टेबलांची रचना, बदलताना. म्हणून उत्तरात मी त्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे.

आधी निवड. तुमच्या वर्णनाला एसक्यूलाइट-ओआरएम ही लायब्ररी बसते. ती फक्त हेडरच्या रूपात येते, सी++१४ पासून चालते, आणि लिंक करायला एसक्यूलाइटखेरीज काही लागत नाही. तुम्ही स्ट्रक्ट लिहिता, 'मेक_स्टोरेज'मध्ये कोणतं फील्ड कोणत्या कॉलमशी जोडायचं ते सांगता, आणि क्वेऱ्या सी++ च्याच वाक्यरचनेत लिहिता. फील्डचं नाव चुकलं तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. स्ट्रिंगा जोडण्यातला तुमचा मुख्य त्रास इथेच संपतो. शिवाय किमती आपोआप बाइंड होत असल्यामुळे, म्हणजे वाक्यापासून वेगळ्या दिल्या जात असल्यामुळे, एखाद्या नावात अवतरणचिन्ह आलं म्हणून वाक्य तुटण्याचा प्रकारही बंद होतो.

'हलकं' म्हणजे काय नाही, हेही समजून घ्या. ही लायब्ररी उपकरणाच्या ऑब्जेक्टमधून त्याचे सेन्सर आपोआप आणून देत नाही. कोणता ऑब्जेक्ट बदलला याचा माग ठेवत नाही. एकच ओळ दोनदा वाचली तर दोन स्वतंत्र ऑब्जेक्ट मिळतात. हे सगळं हवं असेल तर ओडीबी आहे. ती स्वतःच्या कंपायलरनं तुमची हेडरं वाचून वेगळा कोड तयार करते, आणि एसक्यूलाइटबरोबर पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल यांच्याशीही बोलते. त्या बदल्यात तुमच्या बिल्डमध्ये एक जास्तीची पायरी येते. उलट टोकाला एसक्यूलाइट-सीपीपीसारखं पातळ वेष्टण आहे. त्यात एसक्यूएल तुम्हीच लिहायचं, फक्त स्टेटमेंट बंद करणं आणि एरर तपासणं सोपं होतं. मध्ये सोसी आहे. तिची सुरुवात सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेत ओरॅकलसाठी झाली. एसक्यूएल हातानं लिहून किमती थेट सी++ च्या व्हेरिएबलांत हव्या असतील आणि उद्या डेटाबेस बदलण्याची शक्यता असेल, तर ती उत्तम.

निवड ज्यावर अवलंबून आहे अशा दोन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत. पहिली परवान्याची. एसक्यूलाइट-ओआरएम एजीपीएल (तुमचाही स्रोत खुला करायला लावणाऱ्या) परवान्याखाली मोफत आहे. तुमचा प्रोग्रॅम बंद स्रोताचा आणि विकायचा असेल तर एमआयटी परवाना पैसे देऊन घ्यावा लागतो. हे पहिल्या दिवशी ठरवा, माल ग्राहकाकडे गेल्यावर नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे तुमच्या क्वेऱ्यांचं स्वरूप. नव्वद टक्के काम 'घाल, वाच, गाळ, जोड' एवढंच असेल तर ओआरएमचा फायदा स्पष्ट आहे. पण प्रोग्रॅमचा जीवच मोठमोठ्या अहवालांत असेल, तासागणिक सरासऱ्या, विंडो फंक्शनं, एकात एक क्वेऱ्या, तर ते सी++ च्या टेम्प्लेटांत लिहिण्यापेक्षा सरळ एसक्यूएल वाचायला शंभर पटींनी बरं. तुमच्याकडे पहिला प्रकार दिसतो, म्हणून पुढचं सगळं एसक्यूलाइट-ओआरएम धरून लिहितो.

स्ट्रक्ट लिहितानाच काही निर्णय पक्के होतात. वेळ 'इंट६४_टी'मध्ये ठेवा, युनिक्स युगापासूनच्या (१ जानेवारी १९७० पासूनच्या) मिलिसेकंदांत. ३२ बिटी एआरएम बोर्डावर 'लाँग' ३२ बिटांचाच असतो आणि मिलिसेकंद त्यात मावत नाहीत. तुमच्या लॅपटॉपवर सगळं बरोबर चालेल आणि बोर्डावर वेळा वेड्यावाकड्या दिसतील. नल, म्हणजे रिकामी किंमत, चालणार की नाही हे लायब्ररी फील्डच्या टाइपवरून ठरवते. साधा 'डबल' दिला की कॉलम नॉट-नल, आणि 'ऑप्शनल' किंवा 'युनिक_पॉइंटर' दिला की नल चालतो. 'ऑप्शनल'साठी सी++१७ लागतं. सेन्सर कधीकधी उत्तरच देत नाही हे तुम्हाला माहीत आहे, तर वाचनाची किंमत आजच 'ऑप्शनल' ठेवा. उणे ९९९ सारखी खूणकिंमत घालून नंतर ती काढून टाकायची म्हटलं तर कॉलमचं नॉट-नल बदलावं लागेल, आणि ते किती जिकिरीचं आहे ते खाली येतंच आहे.

प्रत्येक ओळीची ओळख सांगणारी प्रायमरी की साधी पूर्णांकी पुरते. 'ऑटोइंक्रिमेंट' लावलं की एसक्यूलाइट एक वेगळं टेबल ठेवून दर वेळी त्यात शेवटचा क्रमांक लिहिते. पुसलेल्या ओळीचा क्रमांक पुन्हा कधीच वापरला जाऊ नये, एवढ्यासाठीच ती सोय आहे. नोंदींच्या टेबलाला तिची गरज नाही. 'इन्सर्ट' करताना ऑब्जेक्टमधला आयडी दुर्लक्षित होतो आणि नवा आयडी फंक्शनच्या उत्तरात परत येतो. ऑब्जेक्टमध्ये तो आपणहून भरला जात नाही, तुम्ही भरायचा.

स्टोरेजचा टाइप हा प्रत्येक टेबल आणि कॉलम पोटात घेतलेला भलामोठा टेम्प्लेट असतो. तो हातानं लिहायचा नाही. स्टोरेज बनवणारं एक फंक्शन लिहा आणि 'डिक्लटाइप'नं त्याच्या उत्तराच्या टाइपला नाव द्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे हेडर प्रोग्रॅमभर पसरू देऊ नका. एकाच सीपीपी फाइलीत ठेवा, आणि बाहेर 'नोंद घाला', 'या वेळेतल्या नोंदी द्या' अशी साधी फंक्शनं असलेला एक क्लास दाखवा. नाहीतर दर फाइलीच्या कंपाइलला तो सगळा टेम्प्लेट पुन्हा उलगडतो आणि बिल्डचा वेळ डोळ्यांदेखत वाढतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर तर त्या फाइलीला 'बिगऑब्ज' हा पर्याय द्यावा लागण्याची वेळ येते. चूक झाल्यावर येणारा एररचा ढीग वरून खाली वाचत बसू नका. तुमच्या स्वतःच्या फाइलीचं नाव आणि ओळ क्रमांक जिथे पहिल्यांदा दिसतो, तिथे बघा.

आता मुख्य विषय.

लायब्ररीत 'सिंक_स्कीमा' नावाचं फंक्शन आहे. ते कोडमधलं वर्णन आणि फाइलीतलं टेबल यांची तुलना करून दोन्ही सारखं करतं. टेबल नसेल तर बनवतं. नवा कॉलम असेल आणि त्याला नल चालत असेल किंवा डिफॉल्ट किंमत दिलेली असेल, तर 'ऑल्टर टेबल'नं तो वाढवतं आणि डेटा जागेवर राहतो. इथपर्यंत छान. पण नवा कॉलम नॉट-नल असेल आणि त्याला डिफॉल्ट नसेल, तर जुन्या ओळींत काय भरायचं हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून ते टेबल ड्रॉप करून नव्यानं बनवलं जातं. आधीच्या कॉलमचा टाइप, नॉट-नल किंवा प्रायमरी की यांत फरक पडला, तरी तेच. फाइलीत असलेला कॉलम कोडमधून काढला, तरी मूळ वागणुकीत तेच. टेबल रिकामं, एररही नाही, आणि प्रोग्रॅम आनंदानं नव्या नोंदी घालायला लागतो.

या फंक्शनला 'प्रिझर्व्ह' असा एक पॅरामीटर आहे. तो खरा दिला तर काढलेल्या कॉलमच्या बाबतीत टेबलाची नक्कल करून उरलेला डेटा वाचवला जातो. तो द्याच, पण त्याच्या भरवशावर राहू नका. सगळ्यात फसवा प्रकार कॉलमचं नाव बदलण्याचा आहे. तुम्ही 'तापमान'चं 'वाचन' केलंत, तर लायब्ररीच्या दृष्टीनं एक कॉलम नाहीसा झाला आणि दुसरा नवीन आला. नाव बदललंय हे तिला कळायला मार्ग नाही. 'प्रिझर्व्ह' खरं असलं तरी जुन्या कॉलममधल्या किमती नव्यात येत नाहीत. आणखी दोन गोष्टी: डिफॉल्ट किमतीतला फरक तपासला जात नाही, आणि फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडचा संदर्भ) मधला बदलही नाही. म्हणजे कोडमध्ये तुम्ही 'डिलीट कॅस्केड' (पालक ओळ पुसली की तिच्यावर अवलंबून ओळीही पुसायच्या) वाढवलंत तरी ग्राहकाकडच्या जुन्या फाइलीत ते येणारच नाही, आणि 'सिंक_स्कीमा' मात्र सगळं जुळलेलं आहे असं सांगेल.

म्हणून माझी शिफारस ठाम आहे. विकासाच्या काळात, टेबलं रोज बदलत असताना, 'सिंक_स्कीमा' बिनधास्त वापरा. पहिली आवृत्ती बाहेर गेली की त्याच्याकडून टेबल बदलण्याचा अधिकार काढून घ्या आणि त्याला फक्त तपासनीस ठेवा.

क्रम असा ठेवा. एसक्यूलाइटच्या फाइलीत 'युजर_व्हर्जन' नावाचा एक पूर्णांक असतो, तो तुमच्या वापरासाठीच राखलेला आहे. प्रोग्रॅम सुरू झाला की स्टोरेज बनवण्याच्या आधी, साध्या एसक्यूलाइट एपीआयनं फाइल उघडा आणि हा आकडा वाचा. कोडला ५ हवा आणि फाइलीत ३ आहे, तर ३ वरून ४ आणि ४ वरून ५ अशा दोन पायऱ्या चालवा. प्रत्येक पायरी म्हणजे हातानं लिहिलेलं एसक्यूएल, एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे होतात किंवा एकही होत नाही अशा बदलांच्या गठ्ठ्यात), आणि त्याच ट्रान्झॅक्शनच्या शेवटी 'युजर_व्हर्जन' वाढवणं. हा आकडा ट्रान्झॅक्शनबरोबरच मागे फिरतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तर फाइल एकतर पूर्ण जुनी असते किंवा पूर्ण नवी. एकदा बाहेर गेलेली पायरी नंतर कधीही दुरुस्त करायची नाही. चुकली असेल तर पुढची पायरी लिहायची.

नाव बदलायचं असेल तर 'रिनेम कॉलम' एसक्यूलाइट ३.२५ पासून, म्हणजे २०१८ पासून आहे. कॉलम काढायचा असेल तर 'ड्रॉप कॉलम' ३.३५ पासून, २०२१ चं. बोर्डावरच्या लिनक्सबरोबर आलेली एसक्यूलाइट किती जुनी आहे ते तपासा. शक्यतो तिच्यावर अवलंबूनच राहू नका. एसक्यूलाइटचा सगळा स्रोत एका सी फाइलीत मिळतो, तो प्रोग्रॅमबरोबर कंपाइल करा म्हणजे सगळीकडे एकच आवृत्ती.

टाइप, नॉट-नल किंवा फॉरेन की बदलायची असेल तर टेबल नव्यानं उभारावं लागतं, आणि त्याचा क्रम चुकला की मुलांची, म्हणजे या टेबलाकडे संदर्भ असलेली, टेबलं रिकामी होतात. आधी फॉरेन की बंद करा, आणि हे ट्रान्झॅक्शन सुरू करण्याआधीच. आत असताना त्या आज्ञेचा काही परिणाम होत नाही. मग ट्रान्झॅक्शन सुरू करा, नव्या नावानं टेबल बनवा, 'इन्सर्ट सिलेक्ट'नं ओळी हलवा, जुनं ड्रॉप करा, नव्याला जुनं नाव द्या. जुन्या टेबलाबरोबर त्याचे इंडेक्स (जलद शोधासाठीच्या सूची) आणि ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारं एसक्यूएल) गेलेले असतात, ते पुन्हा बनवा. 'फॉरेन_की_चेक' चालवून एकही ओळ परत येत नाही हे बघा, कमिट करा (बदल पक्के करा), फॉरेन की पुन्हा चालू करा. जुन्याचं नाव बदलून त्याच नावाचं नवं बनवायचं, असा उलटा क्रम करू नका. त्यात इतर टेबलांमधले संदर्भ जुन्याच्या बदललेल्या नावाकडे वळू शकतात.

पायऱ्या संपल्या की ही फाइल बंद करून स्टोरेज बनवा आणि 'सिंक_स्कीमा_सिम्युलेट' बोलवा. हे काहीही बदलत नाही, फक्त प्रत्येक टेबलाचं काय केलं असतं ते सांगतं. सगळीकडे 'आधीच जुळलेलं' आलं तर पुढे चला. कोरी फाइल असेल तर 'नवं टेबल' येईल, तेव्हाच खरं 'सिंक_स्कीमा' चालवा आणि 'युजर_व्हर्जन' थेट ताज्या आकड्यावर ठेवा. याखेरीज काहीही आलं, विशेषतः 'ड्रॉप करून नव्यानं बनवलं', तर प्रोग्रॅम तिथेच थांबवा आणि लॉगमध्ये टेबलाचं नाव लिहा. तुमच्या पायऱ्या आणि स्ट्रक्ट यांच्यात मेळ नाही, हे ग्राहकाच्या नोंदी जाण्याआधी कळलेलं बरं. हीच तपासणी बिल्ड सर्व्हरवरही लावा. प्रत्येक जुन्या आवृत्तीची एक नमुना फाइल जपून ठेवायची, तिच्यावर पायऱ्या चालवायच्या, ओळींची संख्या आधी आणि नंतर मोजायची.

पायऱ्यांच्या आधी बॅकअप हवाच. फाइल नुसती कॉपी करू नका. डब्ल्यूएएल (राइट-अहेड लॉग) पद्धतीत ताजे बदल शेजारच्या वेगळ्या फाइलीत असतात आणि कॉपीत ते राहून जातात. लायब्ररीचं 'बॅकअप_टू' एसक्यूलाइटचं बॅकअप एपीआय वापरतं, पण ते स्टोरेजमधून चालतं. पायऱ्यांच्या आधी बॅकअप घ्यायचा तर तेच एपीआय थेट बोलवा, चार-पाच ओळींचं काम आहे.

दुसरा मोठा सापळा कनेक्शनचा. ही लायब्ररी मुळात दर कामाला कनेक्शन उघडते आणि काम झालं की बंद करते. मोबाइल किंवा डेस्कटॉपवर, मिनिटाला दोन क्वेऱ्या असतील तर चालतं. तुमच्याकडे यातून तीन त्रास होतील. एक, दर वेळी फाइल उघडणं आणि स्कीमा वाचणं. दोन, 'बिझी टाइमआउट'सारख्या सेटिंगा कनेक्शनपुरत्या असतात. तुम्ही एकदा लावलेली सेटिंग पुढच्या कनेक्शनला लागू असेलच असं धरता येत नाही. तीन, आणि हे सहसा लक्षात येत नाही: डब्ल्यूएएलमध्ये शेवटचं कनेक्शन बंद होताना एसक्यूलाइट सगळे बदल मूळ फाइलीत ओतते आणि डब्ल्यूएएल फाइल पुसते. दर नोंदीला हे होत राहिलं तर डब्ल्यूएएल लावण्याचा फायदाच उरत नाही.

उपाय एका ओळीचा आहे: स्टोरेज बनवल्यावर लगेच 'ओपन_फॉरेव्हर' बोलवा. कनेक्शनपुरत्या सेटिंगा 'ऑन_ओपन'मध्ये लिहा, तो प्रत्येक नव्या कनेक्शनवर चालतो. पण हा 'ऑन_ओपन' तुम्ही 'ओपन_फॉरेव्हर'च्या आधी नेमायला हवा. तिथे बिझी टाइमआउट ५,००० मिलिसेकंद ठेवा. मूळ किंमत शून्य असते, म्हणजे दुसरं कोणी लिहीत असेल तर क्षणभरही न थांबता 'डेटाबेस लॉक आहे' ही एरर. जर्नल डब्ल्यूएएल करा आणि 'सिंक्रोनस' (बदल डिस्कवर पोचल्याची किती खात्री करायची ती सेटिंग) नॉर्मल. या जोडीत वीज अचानक गेली तर शेवटची काही ट्रान्झॅक्शनं जाऊ शकतात, पण फाइल बिघडत नाही. तापमानाच्या नोंदींना हे चालेल. पैशांच्या नोंदी असत्या तर मी 'फुल' ठेवायला सांगितलं असतं.

थ्रेड एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकाला वेगळं स्टोरेज द्या. आणि आधी वाचून मग त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायचं असेल, तर सुरुवातच 'बिगिन_इमिजिएट_ट्रान्झॅक्शन'नं करा. साध्या ट्रान्झॅक्शनमध्ये वाचून झाल्यावर दरम्यान दुसऱ्यानं लिहिलेलं असेल, तर तुमचं लिहिणं टाइमआउटची वाट न बघता लगेच फसतं. टाइमआउट ५ सेकंद ठेवूनही लॉकची एरर लगेच येते म्हणून बुचकळ्यात पडलेल्यांचं कारण बहुतेकदा हेच असतं.

आता वेग. २४ सेन्सर, दर ५ सेकंदांनी, म्हणजे दिवसाला ४,१४,७२० ओळी. आकडा मोठा वाटतो, पण सेकंदाला पाच ओळीसुद्धा होत नाहीत. एसक्यूलाइटच्या स्वतःच्या माहितीपत्रात दिलंय की साध्या डेस्कटॉपवर सेकंदाला ५०,००० हून जास्त ओळी सहज घातल्या जातात, पण ट्रान्झॅक्शनं मात्र फिरत्या डिस्कवर सेकंदाला काही डझनच होतात. कारण प्रत्येक कमिटला डेटा खरोखर डिस्कवर पोचेपर्यंत थांबावं लागतं. ओआरएमचा खर्च म्हणजे एसक्यूएलची स्ट्रिंग बनवणं आणि ती प्रिपेअर करणं, म्हणजे चालवण्याजोगी करून घेणं. डिस्कच्या त्या थांबण्यापुढे तो नगण्य आहे. तुम्ही ट्रान्झॅक्शन सांगितलं नाहीत तर प्रत्येक 'इन्सर्ट' हे स्वतःचं ट्रान्झॅक्शन होतं, आणि एसडी कार्डावर त्यामुळे वेगाबरोबर कार्डाचं आयुष्यही कमी होतं.

दहा सेकंदांच्या ४८ नोंदी मेमरीत साठवा आणि एका ट्रान्झॅक्शनमध्ये घाला. दिवसाची चार लाखांवर ट्रान्झॅक्शनं ८,६४० वर येतात. 'ट्रान्झॅक्शन_गार्ड' वापरा. शेवटी कमिट बोलवलं नाही किंवा मध्येच एक्सेप्शन आलं तर तो आपणहून रोलबॅक करतो, म्हणजे बदल मागे घेतो. 'इन्सर्ट_रेंज' सगळ्या ओळी एकाच वाक्यात घालतं, पण त्याला मर्यादा आहे. एसक्यूलाइट ३.३२ च्या आधी एका वाक्यात ९९९ व्हेरिएबलं चालत, नंतर ३२,७६६. चार कॉलम धरले तर ४८ ओळींची १९२ होतात, काही अडचण नाही. पण नेटवर्क तुटून ३०० नोंदी तुंबल्या की १,२०० होतात आणि जुन्या आवृत्तीवर नेमक्या त्या दिवशी वाक्य फसतं. म्हणून २०० ओळींचे तुकडे करून घाला.

बदल करताना दोन फंक्शनं जपून वापरा. 'अपडेट'ला ऑब्जेक्ट दिला की त्याचे सगळे कॉलम लिहिले जातात. एका थ्रेडनं सेन्सरचं नाव बदललं आणि दुसऱ्यानं आधी वाचलेला जुना ऑब्जेक्ट फक्त 'शेवटचा संपर्क' बदलून परत लिहिला, तर नवं नाव गेलं. एकच कॉलम बदलायचा असेल तर 'अपडेट_ऑल'मध्ये 'सेट' आणि 'व्हेअर' द्या. दुसरं 'रिप्लेस'. ते नावाला बदलणं वाटतं, पण एसक्यूलाइट आधीची ओळ पुसून नवी घालते. उपकरणावर 'डिलीट कॅस्केड' लावलेलं असेल तर उपकरणाचं नाव 'रिप्लेस'नं सुधारताना त्याचे सेन्सर आणि त्यांच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातील. पालक टेबलांवर 'रिप्लेस' वापरूच नका.

वाचताना 'गेट'ला आयडी सापडला नाही तर एक्सेप्शन येतं. 'नसेल तर नसेल' अशी स्थिती असेल तिथे 'गेट_पॉइंटर' किंवा 'गेट_ऑप्शनल' घ्या. 'गेट_ऑल' सगळ्या ओळी एका व्हेक्टरमध्ये आणतं. तुमची नोंद ३२ बाइटांची धरली तरी एका दिवसाच्या १३ एमबी, महिन्याच्या सुमारे ४०० एमबी. 'ऑप्शनल'मुळे आणि व्हेक्टर वाढताना होणाऱ्या नकलेमुळे आणखी जास्त. ५१२ एमबीच्या बोर्डावर प्रोग्रॅम तिथेच मरेल. मोठ्या वाचनाला 'इटरेट' वापरा, त्यात एका वेळी एकच ओळ मेमरीत येते. फक्त त्या लूपमध्ये नेटवर्कवर पाठवण्यासारखं संथ काम करू नका. वाचन उघडं असेपर्यंत डब्ल्यूएएल फाइल पूर्ण रिकामी होत नाही आणि ती फुगत जाते.

लूपमध्ये प्रत्येक सेन्सरसाठी वेगळी क्वेरी करण्याचा मोह इथेही होतोच, पण ही लायब्ररी काहीही लपून आणत नसल्यामुळे ते कोडमध्ये सरळ दिसतं. 'सिलेक्ट'मध्ये 'कॉलम्स' देऊन 'इनर_जॉइन' लावा, टपलांचा व्हेक्टर मिळेल. इथे एक जागा निसरडी आहे. 'फ्रॉम'मधली टेबलं लायब्ररी तुम्ही वापरलेल्या फील्डांवरून स्वतः गोळा करते. सेन्सरचं नाव आणि नोंदीची किंमत मागितलीत आणि जॉइन विसरलात, तर दोन्ही टेबलांचा गुणाकार होतो. २४ सेन्सर गुणिले एका दिवसाच्या ओळी, म्हणजे ९९ लाखांवर ओळी, आणि कंपायलर काही बोलणार नाही.

तसंच दोन फील्डांची तुलना करताना डाव्या बाजूला 'सी' हे वेष्टण लावायचं विसरू नका. एकाच स्ट्रक्टची एकाच टाइपची दोन फील्डं असतील तर सी++ ला ती साधी मेंबर पॉइंटरांची तुलना वाटते. तिचं उत्तर खरं किंवा खोटं एवढंच असतं आणि क्वेरीत तुमची अट जाण्याऐवजी ते उत्तर जातं. टाइप वेगळे असले तर निदान कंपाइल फसतं. शंका आली तर 'इज_इक्वल' वापरा, त्यात ही गफलत होत नाही.

इंडेक्स 'मेक_इंडेक्स'नं स्टोरेजमध्येच सांगता येतो. नोंदींवर सेन्सर आयडी आणि वेळ असा जोड इंडेक्स एकच पुरे, याच क्रमानं. तुमच्या क्वेऱ्या 'अमुक सेन्सर, अमुक काळ' अशाच आहेत. वेळ आधी ठेवली तर त्या काळातल्या सगळ्या २४ सेन्सरांच्या ओळी चाळाव्या लागतील.

सुरुवात उपकरणांच्या टेबलापासून करा, कारण ते लहान आहे आणि चुकलं तर हातानं पुन्हा भरता येतं. मात्र त्याही आधी, एकही स्ट्रक्ट न जोडता, आजच्या फाइलीला 'युजर_व्हर्जन' १ द्या आणि पायऱ्या चालवणारा कोड लिहून घ्या. नोंदींचं टेबल शेवटी जोडा. तिथे तुमच्या आजच्या 'क्रिएट टेबल'मध्ये नॉट-नल नसेल आणि स्ट्रक्टमध्ये साधा 'डबल' असेल, तर सिम्युलेट पहिल्याच दिवशी 'ड्रॉप करून नव्यानं' असं सांगेल. तेव्हा टेबल बदलू नका, स्ट्रक्ट टेबलाप्रमाणे बदला.